शेवाळाचा पंक्तिभेद

श्रावणांत आमच्या वाणगांवच्या घरीं जोत्याच्या काळ्या दगडावर जें मखमली शेवाळ दाटतें, तें विहिरीच्या चुनेगच्ची कठड्यावर दिसत नाहीं. तेथें निराळीच, आंखूड जात. पाऊस एकच, मग हा पंक्तिभेद कां, असें काकूंनीं विचारलें.

ह्या शेवाळाला खरीं मुळें नसतात, पानें बहुधा एकाच पेशीच्या जाडीचीं. अंगावरून ओघळेल तेंच तें पितें. स्वच्छ पावसाचें पाणीहि हवेंतील कर्बवायु विरघळल्यानें किंचित् आम्ल असतें : सात म्हणजे उदासीन, ह्या मापानें सुमारें ५.६. चुन्यावर ती आम्लता मरते, काळ्या दगडावर तितकी मरत नाहीं. ज्या जातीला जें मानवेल, तेथें ती वाढते. थंड देशांच्या दलदलींतील स्फॅग्नम तर भोंवतालचें पाणी स्वतःच आम्ल करून इतर वनस्पतींना हुसकून लावतें! तेव्हां चुना फांसून शेवाळ कायमचें हटेल, ही आशा व्यर्थ. चुना जुना झाला कीं तो मानवणारी जात येतेच.

पुढचेंच स्टेशन डहाणू. तेथील वीजकेंद्राच्या कोळशाच्या धुराची चिकूच्या बागाइतदारांना धास्ती होती. त्यांतील गंधकवायु समुद्राच्या पाण्यानें धुणारी यंत्रणा २००७ सालीं बसली. असा वायु पावसांत उतरला, तर कातडी नसलेल्या शेवाळाला तो आधीं झोंबतो.

हें ऐकल्यावर काकूंनीं यंदा जोतें खरवडूं दिलें नाहीं.