न दिसणारे तेल आणि चेंडूची निवड

'बॉलिंग' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटची गोलंदाजी उभी राहते. प्रस्तुत लेख मात्र दहा पिना पाडण्याच्या 'टेनपिन बॉलिंग'विषयी आहे. अमेरिकेत प्रशिक्षण घेत असताना मी साप्ताहिक स्पर्धांमधून हा खेळ खेळत असे. प्रत्येक मुरलेला खेळाडू तीन-चार चेंडू घेऊन का येतो, याचे मला प्रारंभी नवल वाटे.

त्याचे उत्तर लेनवरील तेलात आहे. फाऊल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर 60 फूट. त्यातील साधारणतः पहिल्या 40 फुटांवर यंत्राने तेलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. पुढचा भाग कोरडा. चेंडू तेलावर घसरतो, कोरड्या भागात घर्षण मिळताच वळतो आणि मग लोळत पिनांवर आदळतो.

हे तेल खेळभर सारखे राहत नाही. 1990च्या दशकाच्या आरंभी रिॲक्टिव्ह रेझिनचे चेंडू प्रचारात आले. त्यांचे सच्छिद्र आवरण तेल शोषून घेते. त्यामुळे ज्या वाटेने सर्व जण चेंडू टाकतात, ती वाट उत्तरोत्तर कोरडी होते. याउलट प्लॅस्टिकचा चेंडू तेल शोषत नाही, तर थोडेसे पुढे ओढून नेतो.

तेल डोळ्यांना दिसत नसल्याने निदान लक्षणांवरूनच करावे लागते, आणि येथेच मी फसलो. एका सामन्यात पहिला डाव उत्तम झाला. तिसऱ्या डावात उजव्या कोपऱ्यातील दहावी पिन वारंवार उभी राहू लागली. मारा दुबळा पडतो आहे असे समजून मी अधिक वळणारा, खरखरीत पृष्ठभागाचा चेंडू घेतला. परिणाम अधिकच वाईट झाला व आमचा संघ थोडक्यात हरला. नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने समजावले, "तुझा चेंडू कमी नव्हे, लवकर वळत होता. पिनांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा जोर संपत होता."

तात्पर्य, दुबळ्या माऱ्याची कारणे दोन आणि उपाय परस्परविरुद्ध. चेंडू उशिरा वळत असेल, तर खरखरीत पृष्ठभागाचा चेंडू घ्यावा. लवकर वळून थकत असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याने प्रथम पावले दोन फळ्या व लक्ष्य एक फळी डावीकडे सरकवून जास्त तेलाची वाट धरावी. तेवढ्याने न भागल्यास गुळगुळीत, चकाकी दिलेला चेंडू घ्यावा. तो पुढच्या भागात सहज घसरतो आणि आपला जोर शेवटपर्यंत राखून ठेवतो. अमेरिकेतील अधिकृत स्पर्धांत खेळ सुरू झाल्यावर चेंडूचा पृष्ठभाग घासून बदलता येत नाही, म्हणूनच निरनिराळ्या पृष्ठभागांचे चेंडू आधीच तयार ठेवावे लागतात.

तेव्हापासून मी किती पिना पडल्या हे पाहण्याआधी चेंडू कोठे वळला हे पाहू लागलो. रुग्ण तपासतानाही ही सवय मला उपयोगी पडली आहे. लक्षण तेच असले, तरी कारण तेच असेल असे नाही. आणि औषध लागू पडत नसेल, तर मात्रा वाढविण्यापूर्वी निदान पुन्हा एकदा तपासून पाहावे.