मोजपट्टीत न मावणारी धाव

नोव्हेंबर २००७ मध्ये ऑस्कर पिस्टोरियस जर्मनीत कोलोनच्या क्रीडा विद्यापीठात चाचण्यांसाठी धावला. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या या दक्षिण आफ्रिकी धावपटूला कार्बन फायबरच्या ब्लेडचा अवाजवी फायदा मिळतो का, हे जागतिक ॲथलेटिक्स महासंघाला ठरवायचं होतं. चाचण्या घेणारे गेर्ट-पेटर ब्रुगेमान यांचा निष्कर्ष रोखठोक होता: तेवढ्याच वेगासाठी त्याला सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा लागते. पाऊल टेकताना साठणाऱ्या ऊर्जेपैकी ब्लेडमध्ये जेमतेम ९ टक्के वाया जाते, माणसाच्या घोट्यात ४० टक्क्यांहून जास्त. जानेवारी २००८ मध्ये बंदी आली.

आकडे खोटे नव्हते, प्रश्नच अर्धवट होता. पोटरीचे स्नायू दर पावलाला नवी ऊर्जा घालतात. ब्लेड मात्र ठेवलेलं मुद्दलही थोडं कापूनच परत करतं, व्याज तर दूरच. म्हणून सुरुवातीला, शरीराला वेग आलेला नसताना, पिस्टोरियस मागे पडायचा. कोलोनमध्ये सरळ रेषेतली, वेग घेतल्यानंतरची धावच तेवढी तपासली गेली. लोझानच्या क्रीडा लवादाने नेमकं यावर बोट ठेवलं आणि १६ मे २००८ रोजी बंदी उठवली.

लवादापुढे पिस्टोरियसच्या बाजूने आलेली मोजमापं ह्यूस्टनमधली होती. ती करणाऱ्या शास्त्रज्ञांत पीटर वेयंड, रॉजर क्रॅम आणि ह्यू हर होते. हर यांचे स्वतःचेही दोन्ही पाय गुडघ्याखाली कृत्रिम. वेयंड यांनी २००० सालीच दाखवलं होतं की वेगवान धावपटू पाय भराभर हलवत नाहीत, ते जमीन जास्त जोराने दाबतात; हवेतला पाय पुढे आणायला सर्वांनाच जवळपास सारखा वेळ लागतो. पिस्टोरियस या नियमात बसेना. त्याचा पाय सुमारे एक-पंचमांश कमी वेळात पुढे यायचा, आणि जमिनीवरचा जोरही साधारण तितकाच कमी. ऑक्सिजनचा खर्च मात्र इतर धावपटूंसारखाच.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच आकड्यांवरून ही मंडळी आपसात फुटली. वेयंड म्हणाले, हलक्या पायांमुळे ४०० मीटरमध्ये दहा सेकंदांहून जास्त फायदा होतो. हर आणि क्रॅम यांच्या मते कमी जोर हे ब्लेडचं उणेपण, आणि झपाझप पाय टाकणं ही त्याची भरपाई. मला दुसरी बाजू जास्त पटते. एकच पाय कृत्रिम असलेल्या धावपटूंवरचा अलेना ग्रॅबोव्स्की यांचा २०१० चा अभ्यास तिला दुजोरा देतो: ब्लेडचा पाय धडधाकट पायापेक्षा ९ टक्के कमी जोर लावत होता, आणि पुढे येण्यातही जलद नव्हता.

वळणाचा हिशेब तर कुणी मनावरच घेत नाही. ट्रॅकवर नेहमी डावीकडे वळायचं असतं. ब्लेड आतल्या बाजूच्या पायाला असेल तर वळणावरचा कमाल वेग सुमारे ४ टक्क्यांनी घटतो, असं २०१६ मध्ये दिसलं. डावा पाय गमावलेल्याला हा भुर्दंड प्रत्येक वळणावर.

२०२० मध्ये अमेरिकी ब्लेड-धावपटू ब्लेक लीपरच्या खटल्यात लवादाने, फायदा होत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करायचं, ही अट रद्द केली. तरी लीपर हरला: ब्लेडमुळे तो नैसर्गिक उंचीपेक्षा बराच उंच होतो, म्हणून. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, दोन्ही पायांना ब्लेड असलेल्यांचा कमाल वेग उंचीने नव्हे, तर ब्लेडच्या आकाराने बदलतो, असं आढळलं. अर्थात त्यात धावपटू पाचच होते, आणि ४०० मीटर म्हणजे निव्वळ कमाल वेग नव्हे. पण उंचीला टेप लावता येतो, जोराला नाही. नियमाला तेच सोयीचं. पुढच्या वर्षी लीपर कमी उंचीचे ब्लेड घेऊन आला. महासंघाने तेही नाकारले.