नवी कार्यप्रणाली, जुना संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित मोफत देखभाल थांबवली. तेव्हापासून शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा आहे. कोणी म्हणतात, "चालते आहे त्याला हात लावू नका, नवी प्रणाली आली की प्रिंटर बंद पडतो, जुन्या फायली वाचता येत नाहीत." कोणी म्हणतात, "जुनी प्रणाली ठेवणे धोक्याचे आहे." या वादात सुसंगतता, स्थैर्य आणि सुरक्षितता या तीन गोष्टींची गल्लत होते. त्या वेगळ्या करून पाहू.

कार्डे आणि माग

सुसंगतता समजावून द्यायला सोलापूरच्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड यंत्राने उठते. पुठ्ठ्याच्या कार्डावर जेथे छिद्र असेल तेथील आकडा उभा धागा वर उचलतो. छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास ही युक्ती प्रचारात आणली. आता एका यंत्रासाठी कापलेली कार्डे आकड्यांची संख्या किंवा छिद्रांमधील अंतर वेगळे असलेल्या दुसऱ्या यंत्रावर चढवली, तर नक्षी बिघडेल. येथे कार्डही ठीक असते आणि यंत्रही. पण छिद्र कोठे असावे याविषयीचा दोघांमधला संकेत जुळत नाही.

आज्ञावली आणि कार्यप्रणाली यांच्यातही असेच संकेत असतात. छपाई कशी मागायची, फाईल कशी उघडायची, स्मृतीतील जागा कशी मिळवायची, हे सारे ठरलेले असते. कार्यप्रणाली बदलली की यांतले काही संकेत बदलतात. डॉस व विंडोज ३.१ च्या काळातील १६ बिटांच्या आज्ञावल्या विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्तीवर थेट चालत नाहीत. विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती मिळत असे. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे. त्यामुळे एखाद्या शाळेचे जुने गुणपत्रकाचे सॉफ्टवेअर विंडोज १० वर चालत असले, तरी पुढे चालेलच असे नाही.

मराठी फायलींचे काय?

आपल्याकडे सुसंगततेचा सर्वांत मोठा फटका मराठी मजकुराला बसला आहे. जुन्या फॉन्टमध्ये संगणक मराठी अक्षर साठवतच नसे. साठवला जाई रोमन अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकृती दाखवी. उदाहरणार्थ, कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये 'कमल' हा शब्द १००, १०१, १२१ असा साठतो. हे खरे तर डी, ई आणि वाय या रोमन अक्षरांचे क्रमांक आहेत. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पडद्यावर 'कमल'ऐवजी ही तीन रोमन अक्षरेच दिसतात.

युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. क म्हणजे २३२५, म म्हणजे २३५० आणि ल म्हणजे २३५४. फॉन्ट बदलला तरी क चा क राहतो. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय आहे, प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट तिच्यासोबतच आला. म्हणजे शाळेच्या वीस वर्षांच्या नोंदी वाचता येतील की नाही, हे विंडोज १० की ११ यापेक्षा त्या कोणत्या पद्धतीने लिहिल्या आहेत यावर अधिक अवलंबून आहे.

संगणक मध्येच का थांबतो?

आता स्थैर्याकडे वळू. विंडोज ९५ मध्ये स्मृतीचे काही महत्त्वाचे भाग आज्ञावल्यांच्या आवाक्यात असत. एका सदोष आज्ञावलीने तेथे काही चुकीचे लिहिले की सारा संगणक ठप्प होई. विंडोज एनटीच्या घराण्यात प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र खोली दिली गेली, आणि २००१ साली विंडोज एक्सपीने ही रचना घरोघरी आणली.

पण कार्यप्रणालीच्या गाभ्यात प्रवेश असलेल्या काही आज्ञावल्या उरतातच. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. यंत्रभागांशी बोलणारे बरेचसे ड्रायव्हर असे गाभ्यात बसतात आणि तेथे चूक झाली तर भिंत आड येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाईल पाठवली गेली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यावरून दिसते की प्रणाली नवी की जुनी एवढ्यावर स्थैर्य ठरत नाही. गाभ्यात कोणाला प्रवेश आहे आणि त्याची चाचणी किती झाली आहे, हेही पाहावे लागते.

मग जुनेच का नको?

कारण न बदललेल्या प्रणालीभोवतीचे जग बदलते. तिच्यातील पळवाटा पुढेही सापडत राहतात. देखभाल थांबली की त्या बुजवल्या जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. ती न बसवलेले संगणक बळी पडले.

येथेच खरी ओढाताण आहे. जुने सारे चालवायचे तर जुनी दारे उघडी ठेवावी लागतात. ती बंद केली तर जुने काही अडते. विंडोज ११ ने दारे बंद करण्याकडे कल ठेवला. तिला किल्ल्या जपणारी टीपीएम २.० ही सोय लागते, किमान ४ जीबी स्मृती लागते, आणि इंटेलचे बहुतेक २०१७ पूर्वीचे प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. त्यामुळे धडधाकट संगणकही बाद ठरतात. मर्यादित पैशांत संगणक कक्ष चालवणाऱ्या शाळेला हा खर्च लहान नाही.

शाळेने काय करावे?

आधी मराठी नोंदींच्या प्रती काढून त्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि जोडाक्षरे तपासावीत. ज्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर लागतेच, तो इंटरनेटपासून तोडून ठेवावा. उरलेल्या जुन्या संगणकांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती चालते का ते पाहावे. सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणालीही त्यासाठी अजमावता येते. बऱ्याच लिनक्स आवृत्त्या हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतात.

विद्यार्थ्यांना हेच काम प्रयोग म्हणून द्या. एका संगणकावर प्रिंटर, मराठी टंकलेखन, ध्वनी आणि इंटरनेट यांचा तक्ता करून आठवडाभर नोंदी ठेवा. विंडोजमधील 'रिलायबिलिटी मॉनिटर' कोणत्या दिवशी काय बिघडले ते दाखवतो. त्याच्याशी आपल्या नोंदी ताडून पाहा. मग नवी प्रणाली घ्यायची की नाही, याचे उत्तर आपल्याच तक्त्यातून मिळेल.