आकडे नसलेले घड्याळ आणि सागवान

शतकमध्याच्या आधुनिक शैलीतील भिंतीवरचे घड्याळ साधारण 1945 ते 1965 या काळातले. त्यावर नक्षी नसते, लोलक क्वचितच दिसतो आणि पुष्कळदा आकडेही नसतात. अमेरिकेतील जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयाने हॉवर्ड मिलर कंपनीसाठी केलेले ‘बॉल क्लॉक’ हा त्याचा ठळक नमुना: मधल्या चकतीतून निघालेले 12 पितळी दांडे आणि त्यांच्या टोकांना लाकडी गोळे. वेळ काट्यांच्या कोनावरूनच कळते, मग आकडे कशाला, असा त्यामागचा रोकडा विचार. या घड्याळाचे श्रेय आज बहुधा कार्यालयातील अर्विंग हार्पर यांना दिले जाते; नाव मात्र नेल्सन यांचे झाले.

याच काळात डेन्मार्कच्या कारागिरांनी सागवान लोकप्रिय केले. सागासाठी प्रसिद्ध असलेल्या आलापल्ली-बल्लारपूरच्या परिसरात या लाकडाची ओळख करून देण्याची गरज नाही. ते तेलकट असते, वाळवीला सहसा दाद देत नाही आणि दमट-कोरड्या हवेत फारसे फुगत-आक्रसत नाही. जुन्या लोलकाच्या घड्याळाला हाच गुण मोलाचा, कारण पेटी वाकली की लोलकाची चाल बिघडते. आधुनिक घड्याळात ती अडचण उरली नाही. तिथे सागवान आले ते रंग आणि रेषांसाठी. म्हणूनच अशा घड्याळावर चकाकणारे पॉलिश चढवू नये. तेलाचा पातळ हात पुरतो.