समुद्रफेसाचा तुकडा

कासवाला डाव्या हातात अलगद धरायचं आणि उजव्या अंगठ्याने कवचाच्या कडेला, शेपटीच्या जरा वर, हलकेच दाबायचं. तिथे नखासारखं कडक लागलं पाहिजे. सुकापूरच्या आमच्या घरी लेकीच्या हट्टाने आलेल्या कासवाला मे महिन्यात असं दाबून पाहिलं, तर ती कड ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. मी चटकन हात काढून घेतला. तो स्पर्श अजून बोटाला आठवतो.

हे लाल कानाचं कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. आपली देशी कासवं, ते देखणं तारा कासवसुद्धा, घरात ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुणी आणून दिलं तरी घेऊ नये. स्लायडरचं पिल्लू बिस्किटाएवढं असतं. दुकानदाराने सोबत वाळलेल्या कोळंबीची डबी दिली आणि एवढं पुरतं म्हणाला. आम्ही वर अधूनमधून बिनहाडाच्या चिकनचे तुकडे घालत होतो, आणि तेही प्रेमाने.

डॉक्टरांकडे गेलो ते ‘चांगलं कॅल्शियम कुठलं?’ हा प्रश्न घेऊन. त्यांनी उलट विचारलं, ‘‘ऊन कुठे घेतं हे?’’

‘‘टाकी खिडकीतच आहे. सकाळी दोन तास छान ऊन येतं.’’

‘‘काच बंद असते?’’

‘‘हो.’’

‘‘मग त्या उन्हाचा त्याला उपयोग नाही.’’

उन्हातले साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे अतिनील-बी किरण कातडीवर पडले, की शरीरात डी3 जीवनसत्त्व तयार होतं. खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. आत येतो तो उजेड आणि ऊब. डी3 नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. पण हृदय आणि स्नायू चालायला रक्तात ते लागतंच, म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून घ्यायला लागतात. कासवाचं कवच हेही हाडच. त्याचा कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या. त्यात आमच्या चिकनची भर. खाण्यात फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम हवं, आणि नुसत्या मांसात फॉस्फरसच कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. प्रत्येक तुकड्यागणिक आम्ही त्याच्या हाडांतून कॅल्शियम काढतच होतो.

इतकं कळल्यावर कॅल्शियमच्या डब्यांची मागची बाजू वाचता यायला लागली. पुढच्या बाजूला सरडा किंवा कासव छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्के असतं, लॅक्टेटमध्ये 13 आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम 9. आमच्याकडच्या एका कोंबडीपालकाने मोठ्या मनाने डीसीपीची, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटची, पुडी दिली. कोंबड्यांना ती चालते, पण त्यात कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फरसही भरपूर, आणि आमच्या कासवाला तोच आधी जास्त झालेला. शेजारच्या आजींनी पानाचा चुना सुचवला. तो तोंड-अन्ननलिका भाजेल, कधीही देऊ नये. घरातल्या माणसांच्या गोळ्यांत डी3 असतं. ते चरबीत साठतं, जादा झालं तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत चुना साचतो, म्हणून अंदाजाने गोळी ठेचून घालणं हा मला सगळ्यांत धोक्याचा प्रकार वाटतो.

आणि पूड कितीही उत्तम असली तरी पाण्यात खाणाऱ्या कासवाच्या तोंडी ती लागत नाही. दोन दिवस मी चिकनला पूड चोळून टाकीत सोडली. पाणी दुधट झालं, तुकडा धुतला गेला. त्याला घट्टच वस्तू हवी.

ती पनवेलच्या मासळी बाजारात मिळाली. माकुल साफ करताना पाठीतून जी पांढरी, होडीच्या आकाराची पाटी निघते, ती समुद्रफेस. कोळीण मावशी ती टाकूनच देत होत्या. कासवासाठी हवी म्हटल्यावर हसल्या आणि पाच-सहा चांगल्या वेचून दिल्या, पैसे घेतले नाहीत. जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. आठवडाभर रोज पाणी बदलत भिजवली, म्हणजे खार आणि वास जातो. मग गच्चीत कडक वाळवली. एक बाजू खडूसारखी भुसभुशीत असते, नखाने उकरली तर भुगा पडतो. दुसऱ्या बाजूचा कडक पापुद्रा सुरीने सोलून काढावा लागतो, नाहीतर त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. तयार तुकडा पाण्यावर तरंगतो.

किडे खाणाऱ्या प्राण्यांचं तंत्र निराळं. ओळखीचा एक मुलगा परदेशी शिंगाळा बेडूक पाळतो. तो रातकिडे पिशवीत घेतो, चिमूटभर पूड घालून हलवतो आणि लगेच बेडकापुढे सोडतो. उशीर झाला तर किडे अंग झटकून साफ होतात. पूड मैद्यासारखी बारीक हवी, रवाळ असली की चिकटत नाही. बेडूक दिवसभर मातीत दडलेला, म्हणून आठवड्यातून एकदा तो डी3 असलेली पूड वापरतो, एरवी साधी.

जून लागला आणि माथेरानच्या बाजूने ढग उतरले. चार महिने उन्हाचा भरवसा नाही, म्हणून टाकीवर अतिनील-बीची नळी बसवली, मध्ये काच न ठेवता. खोक्यावर तारीख लिहिली, कारण नळीचा उजेड तसाच दिसतो पण किरण काही महिन्यांत मंदावतात. चिकन बंद केलं, काट्यासकट बारीक मासे सुरू केले.

पहिले नऊ दिवस कासवाने समुद्रफेसाकडे पाहिलंही नाही. दहाव्या दिवशी सकाळी लेकीने हाक मारली, ‘‘बाबा, लवकर या.’’ तुकडा पाण्यात हलत होता, आणि त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे चार अर्धगोल चावे होते.