लोकनियुक्त सरपंच

कागल पंचतारांकित एमआयडीसी कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या सीमेवर पसरली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली ही तिच्या आसपासची गावं. सूत, कापड, फौंड्री, वाहनांचे सुटे भाग असे कारखाने आले, बाहेरचे कामगार भाड्यानं राहू लागले आणि गावाचं रूप पालटलं. पाणी, गटार, कचरा, बांधकामाची नोंद, घरपट्टी या कामांसाठी मात्र माणसं आजही ग्रामपंचायतीतच जातात. म्हणूनच या पट्ट्यात सरपंच कोण, याला मोठी किंमत आहे.

1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं सरपंच निवडण्याचं काम सदस्यांकडे दिलं होतं. गाव सदस्य निवडायचं आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. कागल तालुका गटातटाच्या राजकारणासाठी राज्यभर ओळखला जातो, त्यामुळे या पद्धतीचे चटके इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. बहुमत एका-दोघांचं असलं की सदस्यांना सहलीवर न्यायचं, पाळीपाळीनं सरपंचपद वाटून घ्यायचं, ठरल्याप्रमाणे राजीनामा आला नाही की अविश्वास आणायचा. एकाच मुदतीत दोन-तीन सरपंच झाले की एकाही कामाचा जाब कुणाला विचारायचा, हेच गावाला कळेनासं होई.

जुलै 2017 मध्ये सरकारनं सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून मतदार सदस्यांसाठी वेगळं आणि सरपंचासाठी वेगळं मत देऊ लागला. गावानं निवडलेल्या सरपंचाला खाली खेचणंही अवघड केलं गेलं. पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. एरवी तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी शेवटचा शब्द ग्रामसभेच्या गुप्त मतदानाचा.

प्रमुख सभागृहानं निवडावा की लोकांनी, हा वाद अमेरिकेनं स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षांत अनुभवला. ब्रिटिश राजानं नेमलेल्या गव्हर्नरांचा जाच ताजा होता, म्हणून 1776 मध्ये व्हर्जिनियानं गव्हर्नर विधिमंडळाच्या मुठीत ठेवला. मुदत एका वर्षाची, निवड आमदारांची. पॅट्रिक हेन्री हा तिथला पहिला गव्हर्नर. 1777 मध्ये न्यूयॉर्कनं आणि 1780 मध्ये मॅसॅच्युसेट्सनं हा अधिकार मतदारांना दिला. पण तो मतदार मूठभर होता. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरसाठी मत द्यायला शंभर पौंडांची जमीन नावावर असावी लागे. थेट मतदानानं गटबाजीही संपली नाही. 1792 मध्ये न्यूयॉर्कच्याच गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत तीन काउंट्यांची मतं तांत्रिक कारणं दाखवून बाद केली गेली आणि जॉर्ज क्लिंटन 108 मतांनी जॉन जे यांच्यावर निवडून आले. तरीही जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, मेरीलँड, न्यू जर्सी अशी एकेक राज्यं लोकांच्या मताकडे वळली. व्हर्जिनियाला त्यासाठी 1851 उजाडावं लागलं.

आपली सुरुवात त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढची आहे. इथं भूमिहीन मजुरालाही मत आहे आणि सरपंचपदाच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपण मागे पडतो ते सातत्यात. 2017 ला आलेली थेट निवड 2020 मध्ये सरकार बदलल्यावर रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर परत आली. नगराध्यक्षाच्या निवडीचंही 2016 पासून हेच झालं. गावाचा कारभारी कोणी निवडायचा, हे मुंबईत कोणाचं सरकार आहे त्यावर ठरावं, ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नाही.

थेट निवडीत एक खरी अडचण आहे. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, असा निकाल लागला की ठराव अडतात आणि गावाचा निधी पडून राहतो. त्यावरचा उपाय निवड पुन्हा सदस्यांकडे देण्यात नाही. अडलेला विषय सर्वांसमोर ग्रामसभेत मांडला की विरोध कामाला आहे की माणसाला, हे गाव ओळखतं. ग्रामसभा भरली नाही, तर मात्र लोकनियुक्त सरपंच एकतर एकटा पडतो किंवा मनमानी करू लागतो.

ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. या चार दिवशी बहुतेक कारखान्यांना सुट्टी असते. पाळीवर जाणाऱ्या कामगारानं आणि त्याच्या घरातल्या बाईनं वर्षातले चार दिवस ग्रामसभेसाठी राखून ठेवावेत, घरपट्टी किती जमली आणि कुठं खर्च झाली हे उभं राहून विचारावं. सरपंच आपण निवडला आहे, तेव्हा हिशेब मागण्याचं कामही आपलंच आहे.