धावणारा बाप

लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय मराठवाड्यात फारसा फोड करून सांगावा लागत नाही. एक बाप, दोन मुलगे, आणि धाकट्याने केलेली एक मागणी: माझ्या वाटणीचं मला आत्ताच द्या. गेली बावीस वर्षं मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका मंडळीत संडे स्कूल घेते. छावणीतली मुलं चालत येतात, पडेगाव-मिटमिट्याची रिक्षाने. बहुतेकांचं मूळ गाव जालना, बीड नाहीतर अंबडकडे. वाटणी म्हटलं की तलाठी, मोजणी, कोरलेला बांध आणि चुलत्यांशी तुटलेलं बोलणं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. बाप धडधाकट असताना वाटणी मागणारा पोरगा बापाला जिवंतपणी मेलेला धरतो, हे त्यांना मी कधी शिकवलेलं नाही.

मागच्या वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलाने वेगळंच विचारलं. पोरगा सगळं उधळून, डुकरं राखून परत निघतो आणि बाप त्याला लांबून पाहून धावत सुटतो, इथवर गोष्ट आली होती. तो म्हणाला, ‘‘टीचर, पण म्हातारा पळाला कशाला? पोरगं येतच होतं की.’’ वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा माझ्या सासऱ्यांचा ओटा आठवला. खेड्यात मानाचा माणूस ओट्यावर बसून असतो, लोक त्याच्याकडे येतात. धोतर सावरत धावणारा म्हातारा फक्त आग लागल्यावर दिसतो, नाहीतर कुणी विहिरीत पडल्यावर. या बापालाही तशीच घाई होती. घर बुडवून आलेला मुलगा वेशीत शिरला की गाव त्याला काय काय बोलणार, हे त्याला ठाऊक होतं. गावाच्या आधी त्याला मुलापर्यंत पोचायचं होतं. लोकांनी हसायचंच असेल तर आपल्याला हसावं.

पुढच्या रविवारी त्या मुलाला हे सांगितलं. आणि मला वाटलं, आपल्या मंडळ्यांमध्ये विश्वासात वाढणं म्हणून ज्याला म्हणतात, ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं. देव आहे की नाही, हा मराठी माणसाचा प्रश्न क्वचितच असतो. देव कसा आहे, हा असतो. ओट्यावर बसलेला की धावणारा? वर्षाखेरीला हिशेब मागणारा की दारात वाट बघणारा? मराठी ख्रिस्ती माणूस चारशे वर्षं हेच विचारत आला आहे. ज्यांनी मनापासून विचारलं, त्यांना उत्तर बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळालं नाही, फार पुढे मिळालं.

पहिलं मोठं नाव गोव्यातल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! स्वर्गाला त्याने बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. देवाची ओळख करून द्यायची तर ऐकणाऱ्याच्या घरातले शब्द लागतात, हे त्याला कळलं होतं. पुढे मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार काढला, पण त्याची भाषा पुष्कळ काळ परकीच वाटत राहिली. शब्दांच्या या झगड्याकडे पुढे यायचंच आहे.

मराठवाड्यात ही ओळख आली ती जालन्याहून. नारायण शेषाद्री यांचं नाव आज आमच्याच तरुणांना माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. ब्राह्मण घरातल्या या मुलाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागोमाग गेला, तेव्हा वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही, यावरून मुंबईत रण माजलं. घ्यावं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर पुढे होते. एका घरातले दोन भाऊ, एक बाहेर आणि एक आत. लूकच्या गोष्टीतला बाप त्या काळी कितीजणांना कुठल्या बाजूने दिसला असेल!

शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. तिथे त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. १८७० च्या सुमारास, निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ एक गाव वसवलं आणि नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. घरातून पळून उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपलेल्या याकोबाला स्वप्न पडलं आणि जागा झाल्यावर त्याने त्या जागेला हे नाव दिलं, अशी उत्पत्तीच्या पुस्तकातली गोष्ट. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसांच्या वस्तीला इतकं चपखल नाव दुसरं सापडलं नसतं. ज्याला गावाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, तो आता देवाच्या घरात राहायला आला होता. या माणसांना देवाचा स्वभाव आधी कळला तो विहिरीच्या पाण्यातून आणि शाळेच्या पाटीतून. वचनाचा अर्थ नंतर लागला.

पण देव न्यायी आहे का? हा प्रश्न आपल्यातल्याच एका पंडिताने फार कडकपणे विचारला होता. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन. जॉन म्यूर या स्कॉटिश पंडिताने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरवला, तेव्हा ऐन विशीत असलेल्या गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिलं. त्यांचा एक आक्षेप असा होता: चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापासाठी जो कायमचा नरक देतो, तो न्यायी कसा? हेच गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. शंकांनी मात्र त्यांची पाठ मरेपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, सोडली नाही. काहींना ही त्यांच्या विश्वासाची उणीव वाटते. मला ते पटत नाही. ईयोबाचं पुस्तक उघडून पाहा. त्यात देवावर रागावून प्रश्न करणारा ईयोब शेवटी खरा ठरतो, आणि देवाची बाजू घेऊन त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांना देव चुकीचं ठरवतो. जो विचारतो त्याचं नातं अजून तुटलेलं नसतं.

माझे वडील अपघातात गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सांत्वनाला आलेल्या एकाने, घरातल्या कुठल्यातरी पापाची ही शिक्षा असेल, असं आईच्या तोंडावर सांगितलं. आई काही बोलली नाही. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती उपासनेला जाऊन बसायची, पण गीत गायची नाही. पुस्तक उघडं, ओठ मिटलेले. देवाच्या स्वभावाबद्दल आपण जे सहज बोलून जातो, ते कुणाच्या गळ्यात किती वर्षं अडकून राहतं, ते मी तेव्हा पाहिलं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण विश्वासात वाढणं म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं उघडपणे मराठीत फार थोड्यांनी सांगितलं. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं आणि सारं कुटुंब तीर्थक्षेत्रं पायी फिरत राहिलं. १८७४ च्या आगेमागे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. नवरा १८८२ मध्ये गेला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. फुलहॅम इथे पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी धर्मभगिनींनी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. या बायकांशी तुम्ही इतक्या मायेने का वागता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. आपल्याकडे पाण्याला काय अर्थ आहे, ते रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. ज्याने त्या बाईच्या हातचं पाणी मागितलं, तो देव कसा असेल, हे त्यांना तिथे प्रथम दिसलं.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार, या सगळ्यांवर त्या वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वर्षानुवर्षं भांडल्या. आणि १८९१ च्या सुमाराला, बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९०७ मधल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. आठ वर्षं! तोवर विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन उभं राहिलं होतं, जगभर नाव झालं होतं. आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग सुरू झाला की मी मुलांना हा आकडा आवर्जून सांगते. सोळाव्या वर्षी उत्तरं पाठ झाली म्हणजे ओळख झाली, असं त्यांना वाटू नये म्हणून.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना तिथे आणलं. स्वतः इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं. चालू भाषांतरांत संस्कृत तत्त्वज्ञानातले जड शब्द आहेत, त्यांतून देवाविषयी भलताच अर्थ मनात शिरतो आणि खेड्यातल्या बाईला तर काहीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. टाइप जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

टिळक दांपत्याबद्दल मराठी वाचकाला नव्याने काय सांगावं? नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि रोज थोडा वाचा म्हणून सांगितलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मला त्यांच्यात सर्वांत मोठं वाटतं ते हे की ते तुकोबांना सोडून आले नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ‘अभंगांजली’तला त्यांचा देव वारकऱ्याला ओळखीचा वाटावा असा आहे, माउली म्हणून हाक मारावी असा. आमच्या पैठणपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या मंडळ्यांना तो जवळचा वाटणारच. ‘उपासना संगीत’ उघडलं की आजही त्यांची गीतं हाताला लागतात.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या बदलल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं, की त्यांच्या मनात पहिल्यांदा गळून पडला तो सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. जात देवाने केली की माणसाने, हे त्यांनी स्वतःशी बसून सोडवलं आणि मग कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. आधी देवाच्या स्वभावाविषयी खात्री झाली, मग धर्माचं नाव बदललं.

आणि इथेच आमच्या मंडळ्यांना मान खाली घालावी लागते. धर्मांतरितांबरोबर जातही चर्चमध्ये आली, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका होती. त्यांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय छावणीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ती टीका आम्हाला ऐकू येत नाही असं म्हणायची सोय नाही. लग्न जमवताना अजूनही कोण कुठल्या घरचं, हे हळूच विचारलं जातं. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर राहिला, तो आजही बाहेरच आहे. देव पक्षपाती नाही, हे रविवारी म्हणून सोमवारी सोयरीक पाहताना विसरायचं, याला वाढ म्हणता येणार नाही.

माझी आजी निरक्षर होती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मजुरी आणि सुकडी यांवर घर चाललं. तिच्याकडे लाल रुमालात बांधलेलं बायबल होतं. संध्याकाळी ती ते आजोबांपुढे ठेवायची, आणि कामावरून आलेले हात आधी पदराला पुसायची. पानांच्या कडेला तरी खडीची पांढरी भुकटी बसलीच. ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. स्तोत्रसंहितेची पानं सर्वांत जास्त झिजली आहेत, आणि त्यांतही ती स्तोत्रं, जिथे भक्त देवाला विचारतो, कुठवर? ‘‘आज रडकं वाच,’’ असं ती आजोबांना सांगायची. पाऊस पडत नसताना पावसासाठी आभार मानायला तिला कुणी भाग पाडलं नाही. म्हणूनच तिचा विश्वास टिकला असावा.

आज शहरात प्रार्थनासभा पुष्कळ वाढल्या आहेत. घराघरांतून, भाड्याच्या हॉलमधून, मोबाइलवरून. त्यांतली कळकळ खरी आहे आणि एकाकी पडलेल्या कितीतरी माणसांना तिथे आधार मिळतो. पण दशांश द्या म्हणजे दहापट मिळेल, आजार बरा झाला नाही तर तुमचा विश्वास कमी, ही भाषा ऐकली की मला आईचे मिटलेले ओठ आठवतात. हा नवसाचा व्यवहार झाला. वधस्तंभावर स्वतः हाक मारून उत्तर न मिळालेल्या ख्रिस्ताच्या नावाने हा व्यवहार कसा मांडता येतो, ते मला समजत नाही.

जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातच, उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ज्यांनी सोप्या मराठीत ‘सुबोध बायबल’ घडवलं, ज्यांना त्याच भाषांतरासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते वसईचे धर्मगुरू. २५ जुलै २०२४ ला ते गेले. स्टीफन्सनी सुरू केलेलं शब्दांचं काम त्यांनी आपल्या पिढीपर्यंत आणून सोडलं.

तो अकरा वर्षांचा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. या जूनमध्ये त्याने दुसरा प्रश्न काढला: थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही? लूकने ते लिहिलेलं नाही. बाप त्याच्यासाठीही दाराबाहेर आला, त्याची समजूत घालत उभा राहिला, एवढंच लिहिलं आहे आणि गोष्ट थांबली आहे. तुमच्या घरी बायबल असेल, कुठल्याही भाषांतराचं, तर या दिवाळीत तो पंधरावा अध्याय एकदा मोठ्याने वाचा. धर्म कुठलाही असो. वाचायला घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बसवा, आणि वाचून झाल्यावर आधी मुलांना बोलू द्या.